चुकून लागलेलं कुंकू

“आत्या, तीळ करपतील.”

“न्हाई करपत. अजून तडतडायला लागलं न्हाईत. तू तिकडं जा बघू. मागं उभी राहिलीस की माझा हात चुकतो.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कराडकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. त्या शेगडीपुढे उभ्या होत्या, हातात उलथनं होतं, पण तोंड मात्र खिडकीकडे. नवख्या माणसाला वाटावं, बाई तीळ भाजायचे सोडून रस्त्यावरची गंमत बघतेय. पण त्यांना कढई बघायची असली की खिडकीकडे बघावं लागायचं. डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग पडला होता. सरळ बघावं तिथंच नेमका करडा गोळा यायचा, आणि कडेकडेचं मात्र ठीक दिसायचं. वयानं होतं, म्हणाले डॉक्टर. आंधळ्या होणार नाहीत, पण मधलं गेलेलं परत यायचं नाही, आणि ह्याला चष्माही नाही.

डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत सांगितलं. गल्लीला सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. निम्म्या बायका म्हणायच्या, “मोतीबिंदू असंल, काढून टाका की.” उरलेल्या निम्म्या माझ्याकडे बघून डोळे मिचकवायच्या. जमिनीवर सांडलेली मोहरी ह्यांना दिसते, आणि समोर उभं राहिलेलं माणूस दिसत नाही? सोंग आहे सोंग! मुख्याध्यापकांच्या बायकोनं तर बोलणंच टाकलं होतं, का तर आत्या मंडईत तिच्यासमोरून सरळ निघून गेल्या, हसल्यासुद्धा नाहीत.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण पावसाळ्यात अरविंदचे साहेब घरी आले, आणि दाराशी खुंटीवर टांगलेल्या त्यांच्या रेनकोटाला आत्या म्हणाल्या, “या, बसा. उभं का?” साहेब हसले. मी हसले. आत्याही कळल्यावर पोट धरून हसल्या. अरविंद हसला नाही. माझा नवरा मनानं वाईट नाही, पण लोक काय म्हणतील ह्या काळजीनं त्याचं निम्मं आयुष्य गेलंय. त्या दिवसापासून त्यानं घरात फर्मानं काढायला सुरुवात केली. आईनं विळीवर बसायचं नाही. आईनं एकटीनं भजनाला जायचं नाही. शेवटी गाडी शेगडीवर आली.

“भाजून घेतलंस म्हणजे? पदर पेटला म्हणजे?” तो म्हणाला.

“अजून पेटला का?”

“पेटायची वाट बघायची का मग?”

मामंजी कोपऱ्यात रेडिओ लावून बसले होते. त्यांना फारच कमी ऐकू येई, त्यामुळे रेडिओ एवढा मोठा की शेजाऱ्यांना वेगळा लावायची गरज नव्हती. कसं कोण जाणे, हे मात्र त्यांनी ऐकलं. “मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले, “म्हणून माझा रेडिओ कुणी काढून घेतला का?”

“रेडिओनं घर पेटत नाही, अण्णा,” अरविंद म्हणाला.

तेव्हा आत्यांनीच पैज लावली. संक्रांत तोंडावर आली होती. “रथसप्तमीच्या आत माझं हळदीकुंकू हाय. सगळं मी करीन. तीळ भाजण्यापास्नं वाण देण्यापत्तर. तुझी बायको नुसती बघंल. एक जरी चूक झाली तर शेगडी तुझी, भजन तुझं, मी खुर्चीत बसून राहीन. न्हाई झाली तर पुन्हा ह्या घरात माझ्या डोळ्यांचा विषय काढायचा न्हाई. बोल.”

“ठरलं,” अरविंद म्हणाला. आणि मला वेगळं बोलावून सांगितलं, “तू लक्ष ठेव. काही झाकून घालायचं नाही.”

झालं. मला मधल्यामध्ये पंच करून ठेवलं. आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आत्या जिंकाव्यात असं वाटत होतं, आणि पदर पेटला तर काय, हेही वाटत होतं. त्या पिंपात तांब्या बुडवायला गेल्या की मी मागं, त्या फडताळाकडे वळल्या की मी पुढं. घरभर माझीच पायपीट चालली होती, आणि त्या बाई मात्र जिथली वस्तू तिथून उचलत होत्या. तीळ करपले नाहीत. पाक हाताच्या चिमटीत ताणून बघितला, पक्का झाला. वड्या पडल्या त्या पट्टीनं आखल्यासारख्या.

“हेमा, तू एक खाऊन बघ,” आत्या म्हणाल्या.

हेमा माझी नणंद. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा काविळीनं गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी सामान गाडीत भरून दिलं. तेव्हापासून आमच्याकडेच होती. जवळच्या बालवाडीत शिकवायची. घरात तिच्यावर कुणी डाफरत नव्हतं, जेवायला पहिलं ताट तिला मिळायचं. पण कपाळ मोकळं. तिला कुणी लावू नको म्हणालं नव्हतं आणि कुणी लाव म्हणालं नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून बशा भरायची आणि पडद्याच्या ह्या बाजूला राहायची. दोन संक्रांती असंच झालं होतं. ही तिसरी.

“छान झालीय,” हेमा म्हणाली आणि दुसरी वडी उचलली.

संध्याकाळी बायका यायला लागल्या. आत्यांनी मला बाजूला बसवलं. “तू नुसती बस. नवरा न्यायाधीश अन् बायको पोलीस, काय घर हाय!” हे त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या हसल्या, आणि मी लाजून पाटावर बसले.

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकीचं मनगट डाव्या हातानं धरायचं, “बस गं, कशी हायस?” विचारायचं, ती बोलली की आवाजावरून नाव घ्यायचं. मग करंगळी तिच्या भुवईवर टेकवायची आणि शेजारच्या बोटानं आधी हळद, मग कुंकू. भुवईचा आधार असला की बोट इकडेतिकडे जात नाही. एकीचंही वाकडं लागलं नाही. गहू, बोरं, हरभरे ओटीत गेले, जमिनीवर नाही. प्रत्येकीला वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. मी मनात म्हटलं, आत्या, जिंकलात तुम्ही.

तेवढ्यात ताराकाकी आल्या. माझ्या चुलत सासूबाई. सोंग आहे म्हणणाऱ्यांच्या पुढारी ह्याच. त्यांनी दारातच आम्हा सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, आत्यांच्या पुढ्यात येऊन बसल्या, आणि हात पुढे करून मुकाट्यानं वाट बघत राहिल्या. शेवटी आवाज बारीक करून म्हणाल्या, “ओळखा पाहू, मी कोण?”

असला खेळ लोक का खेळतात, मला कधी कळलेलं नाही. आत्यांनी ओळखलं नसतं तर अरविंदच्या हिशेबात तीही चूक धरली गेली असती.

आत्यांनी नाक वर केलं. “तारा, मिश्री लावून तोंड तरी धुवायचं. दारात आलीस तवाच कळलं.”

खोली हसून हसून लोळली. ताराकाकींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण कुंकू मात्र कपाळाच्या मधोमध लागलं होतं.

आता मोजक्याच बायका उरल्या होत्या. मी निर्धास्तपणे पवारबाईंना दारापर्यंत पोचवायला उठले. मागून आत्यांचा आवाज आला, “अगं, तिळगूळ संपला वाटतं. कुणीतरी आणा गं आतनं.”

पडदा हलला. हेमा ताट घेऊन बाहेर आली. ताट ठेवून लगेच परत जायचं, एवढ्याच बेतानं ती वाकली. आत्यांनी तिचं मनगट धरलं.

“बस गं. उभ्याउभ्या जाऊ नकोस.”

हेमा बसली. बोलली नाही. आत्यांची करंगळी तिच्या भुवईवर टेकली, हळदीचं बोट लागलं, आणि कुणाला काही सुचायच्या आत कुंकवाचं.

मी दारातून बघत होते. मागच्या अंगणात मामंजींचा रेडिओ गातच होता.

“अगं बाई बाई!” ताराकाकी ओरडल्या. “अहो, हेमा आहे ती! काय केलंत हे? पूस गं पोरी, पूस आधी.” आणि स्वतःचा पदर घेऊन त्या पुढे सरसावल्या.

“हेमा?” आत्यांनी हात मागे घेतला. “अरं देवा. मला वाटलं साळुंख्यांची सून.” मग ताराकाकींचा पदर त्यांना डोळ्याच्या कडेला दिसला असावा, कारण त्यांनी मध्ये हात घातला. “थांब तारा. सवाष्णीच्या हातानं लागलेलं कुंकू पुसायचं नसतं. चूक माझी हाय. पाप लागायचं तर मला लागू दे. आता मला दिसतच न्हाई, त्याला मी तरी काय करू?”

कुंकू पुसायचं नसतं हे ताराकाकींनीच आम्हाला शिकवलेलं. त्या पदर तसाच हातात घेऊन बसल्या. एकेक बाई “चालायचंच”, “वयच झालंय”, “बिचाऱ्यांना दिसत नाही हो” म्हणत गाळणी घेऊन निघून गेली. जाताना प्रत्येकीनं हेमाकडे चोरून बघितलं. हेमा मान खाली घालून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मला रडायला येत होतं. सबंध दिवस एवढी बाई उभी होती, आणि शेवटच्या घडीला घात झाला! चिडचिड करत मी सामान आवरायला लागले. आत्यांच्या पाटामागे पितळी डबा होता, तो उचलला, तर जड लागला. झाकण काढलं. आत निम्म्याहून जास्त तिळाच्या वड्या होत्या.

मी डबा घेऊन आत्यांपुढे गेले.

“आत्या, तिळगूळ संपला नव्हता.”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली, म्हणजे त्या माझ्याकडे बघत होत्या.

“तुम्हाला माहीत होतं.”

“दार लोटून घे आधी,” त्या म्हणाल्या. मी दार लोटलं. “नवरा अजून आला न्हाई नव्हं?”

“नाही.”

“सुमेधा, तोंड दिसत न्हाई मला. पण पोटच्या पोरीचा हात कळणार न्हाई व्हय? बिनबांगड्याचा हात होता तो. एवढ्या बायकांत एकच.”

“मग तसं सगळ्यांसमोर म्हणायचं ना! साळुंख्यांची सून कशाला?”

“म्हटलं असतं तर? तारा तिथंच तांडव करती. उद्या गल्ली, परवा तिच्या सासरचे. म्हातारीला चळ लागला म्हणाले असते, ते एक चाललं असतं. पर पोरीला नावं ठेवली असती, आईला फूस लावली म्हणून. आता कुणी काय म्हणतंय? बिचारी आंधळी, चुकली.” त्या पाटावरचे सांडलेले गहू एकेक करून वेचत होत्या. “दोन वर्षं मला तिचं कपाळ स्वच्छ दिसत होतं. पार केसापर्यंत. तवा माझा हात उचलला न्हाई. रोज म्हणायची उद्या लावीन, उद्या लावीन. आता दिसत न्हाई म्हणून लोक माफ करतील, एवढा तरी उपयोग होऊ दे की ह्या डोळ्यांचा.”

“आणि तुमची शेगडी? भजन?”

“ते जाणार,” आत्या म्हणाल्या. “ते मी धरूनच चालले होते. तू अरविंदला काही सांगायचं न्हाईस. त्याच्या पोटात काही ठरत न्हाई. माझी शपथ हाय.”

कुंकवाचं अरविंदला घरात कुणी सांगायची वेळच आली नाही. ताराकाकींनी त्याला चौकातच गाठलं होतं. तो आला तो तापलेला, आणि त्याच्या तापण्यात काळजी किती अन् लाज किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“सख्खी मुलगी ओळखता आली नाही तुला, आई! उद्या शेगडीवर हात ठेवशील. ठरलं होतं ना आपलं?”

“ठरलं होतं,” आत्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. आत्यांनी मान भिंतीकडे फिरवली आणि मी ते मिटलं. अरविंद स्वयंपाकघरात गेला, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि कपाटावर ठेवला. सकाळी मीच तो लावायचा आणि माझं झालं की काढायचा, असं ठरलं. मामंजींनी विचारलं, “काय झालं?” कुणी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आत्या खुर्चीत बसल्या होत्या. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, दोन्ही हात मांडीवर. त्या बाईला रिकामं बसलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. “काहीतरी निवडायला दे,” त्या म्हणाल्या. अरविंद पेपर वाचत होता. “नको, राहू दे,” तो म्हणाला, “आराम कर.” आत्यांनी एक हात उचलला, साडीची निरी नीट केली, ती नीटच होती, पुन्हा हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला बघवेना. मी भांडी उगाच आपटली. शपथ घातली नसती तर मी तेव्हाच फुटले असते.

हेमाच्या खोलीचं दार उघडलं. ती बालवाडीला जायच्या तयारीत होती. खांद्याला पिशवी, नेहमीची फिकट निळी साडी. आणि कपाळावर कुंकू.

कालचं नव्हे. ते अंघोळीत गेलेलं असणार. हे ताजं होतं, मुगाच्या दाण्याएवढं.

अरविंदनं पेपर खाली केला. “हेमा?”

“दादा,” ती म्हणाली. “काल आईनं चुकून लावलं म्हणून तू तिची शेगडी बंद केलीस ना?”

“म्हणजे काय, तिला दिसलंच नाही की—”

“मग हे बघ. हे मी लावलंय. आरशापुढं उभी राहून लावलंय, आणि मला चांगलं दिसतं. आता माझं काय काय बंद करतोस ते सांग.”

अरविंद तिच्याकडे बघत राहिला, मग आत्यांकडे.

“आई चुकली नव्हती, दादा. माझा हात तिनं धरला तेव्हा असा दाबला होता.” तिनं स्वतःचं मनगट आवळून दाखवलं. “अख्खी रात्र मला कळत होतं, आणि मी गप्प बसले होते. ती माझ्यासाठी तिथं खुर्चीत बसलीय. मला ते नकोय.”

“अगं गप,” आत्या खुर्चीतून म्हणाल्या. “कशाला बोललीस? ताराला कळलं तर?”

“कळू दे. तिच्याच दारावरून जाणार आहे मी.”

मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते. त्याला रागवायचं होतं, पण कुणावर रागवावं ते सापडत नव्हतं. मग तो उठला, आत गेला, कपाटावरून रेग्युलेटर काढला आणि सिलिंडरपुढे वाकून बसला. खटपट करत राहिला. त्याला तो बसवता येईना. आमच्या घरात पुरुषांनी ते काम कधी केलंच नव्हतं, काढणं तेवढं सोपं.

आत्या उठल्या. “सरक,” म्हणाल्या. “दे इकडं.” त्यांनी तो हातानं चाचपला, बसवला, फिरवला आणि शेगडी पेटवली. “दूध कुठं ठेवलंस गं सुमेधा? जागा बदललीस व्हय?”

अरविंद बाजूला उभा होता. “पदर खोच, आई,” एवढंच म्हणाला.

आत्यांनी पदर खोचला. मग ओल्या हातानं त्यांनी हेमाला जवळ बोलावलं. तोंड खिडकीकडे वळवलं, पुन्हा इकडे वळवलं, एकदा ह्या कडेनं बघितलं, एकदा त्या कडेनं. शेवटी करंगळी तिच्या भुवईवर टेकवली आणि शेजारच्या बोटानं कुंकवाची कड हळूच चाचपली.

“एवढंसं?” त्या म्हणाल्या. “मला दिसंल एवढं तरी लाव गं.”

हेमा परत आरशापुढे गेली. त्या दिवशी तिला बालवाडीत पोचायला बराच उशीर झाला.